सात वाजताची हजेरी

सोमवार, ७ ऑगस्ट

कामाची वही वेगळी आहे. तिच्यात वेळ, वारा, ढग आणि कंपनं लिहिली जातात आणि ती कोणीही उघडून वाचू शकतं. ही कोणी वाचायची नाही. महिनाभरच ठेवणार आहे. एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो नुसता डोक्यात फिरत राहिला तर बिघडेल.

आज दुपारी चिलेहून पत्र आलं. उत्तरेच्या वाळवंटातली तांब्याची उघडी खाण. खाणीच्या कड्यांवर रडार रोखलेलं असतं. कडा किती मिलिमीटर सरकला ते बघायचं आणि तो ढासळण्याआधी सांगायचं. पगार आत्ताच्या सव्वातीन पट. चौदा दिवस काम, सात दिवस सुटी. उत्तर १ सप्टेंबरपर्यंत हवं.

इथे मी ज्वालामुखी निरीक्षण केंद्रावर तंत्रज्ञ आहे, चार वर्षं. केंद्र म्हणजे ज्वालामुखीसमोरच्या डोंगरधारेवरचं जुनं शेतघर, दोन संगणक आणि एक रेडिओ. पूर्वी सहा माणसं पाळीने असायची. पण ज्वालामुखी सात वर्षं शांत आहे, म्हणून आता मी एकटी. इथले लोक ज्वालामुखीला म्हातारी म्हणतात. कामाच्या वहीत मी तसं लिहीत नाही.

संध्याकाळी सातला हजेरी असते. उतारावरचे पहारेकरी रेडिओवरून आपल्या जागेचं नाव सांगतात आणि दिवसभरात काय दिसलं, काय ऐकलं ते सांगतात. पगार कोणालाच नाही. राख पडायची त्या काळात पंचवीस जण होते, आता तिघे बोलतात. रेडिओ मात्र अजून पंचवीसच्या पंचवीस घरांत आहेत आणि चूल पेटवताना सगळे ऐकतात.

आज: पूल, १९:०१, काही नवीन नाही. रुमिपाम्बा, १९:०३, काही नवीन नाही, तांबड्या गायीला वासरू झालं. लोमा आल्ता, १९:०६, काही नवीन नाही, मुखावरचा ढग पिकत आलेल्या झाडटोमॅटोच्या तांबूस सालीच्या रंगाचा.

ढगाच्या रंगासाठी कामाच्या वहीत रकाना नाही, म्हणून इथे लिहिला.

बुधवार, ९ ऑगस्ट

तक्ता केला. पगार त्यात धरलेला नाही. पगार धरला की बाकीच्या ओळी वाचायची गरजच उरत नाही, म्हणून तो बाहेर ठेवून काय दिसतं ते बघायचं ठरवलं. सात ओळी: कराराची शाश्वती, शिकायला काय मिळेल, बरोबरची माणसं, पाळी, तब्येत, आईपासूनचं अंतर आणि माझ्या सांगण्याचा उपयोग. प्रत्येकीला वजन, दोन्ही नोकऱ्यांना दहापैकी गुण.

करारात चिले सरळ जिंकतं. इथला करार दर डिसेंबरला संपतो आणि जानेवारीत कधीतरी पुन्हा सुरू होतो. मधले दिवस मी काम करते, पण कागदावर कोणीच नसते. शिकण्यातही चिले, कारण ते रडार मी फक्त चित्रात पाहिलं आहे.

शेवटची ओळ भरण्यासाठी त्यांच्या भरतीच्या बाईंना फोन करून विचारलं, कडा सरकतोय असं दिसलं तर ट्रक मी थांबवू शकते का. त्या म्हणाल्या, तुम्ही कळवायचं, निर्णय पाळीप्रमुखांचा. इथे मी निघा म्हटलं तर चार गावं निघतात. चार वर्षांत म्हणायची वेळ आलेली नाही, पण निघतील. रुमिपाम्बाच्या ओर्तेन्सियाबाईंनी दारामागे पिशवी भरून ठेवलेली आहे. दर सहा महिन्यांनी त्या तिच्यातले कपडे धुऊन पुन्हा घडी करून ठेवतात.

बेरीज: चिले ६.८, इथे ६.१.

नंतर आठवी ओळ आखली. तिला नाव सुचलं नाही. कोरी ठेवली.

रविवार, १३ ऑगस्ट

आईचा फोन आला. ती पेलिलेओ गावात जीन्सच्या कारखान्यासाठी घरी शिवण करते आणि रविवारी मशीन बंद असतं म्हणून बोलते. मी टेबलावर फायली लावत होते. हात मोकळे हवे होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

पगाराचा आकडा तिने पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, विचार कसला करतेस. मी अंतराचं काढलं, तर म्हणाली, माझ्यासाठी राहायचं नाही, मी काही म्हातारी झालेली नाही. मी म्हटलं, राहणार नाहीच, अंतराला मी दहा टक्केच वजन दिलं आहे. बाबा त्याहून लांब होते. दर रविवारी फोन यायचा, तेवढ्यावर चाललंच की आपलं.

"चाललं," आई म्हणाली. "आणि सकाळी आठपासून टेलिफोन बूथच्या काचेला नाक लावून बसायची ती कोण होती? फोन यायचा बाराला."

मला हे आठवत नाही. बाबा स्पेनला भाजीच्या मळ्यांवर गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. नऊ वर्षं फोन आला, मग दोन रविवारांआड, मग सणाला. पैसे शेवटपर्यंत वेळेवर आले. माझं शिक्षण त्याच पैशांवर झालं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. हे सगळं आईला माहीत असूनही मी तिला सांगत बसले.

मग आणखी बरंच बोलणं झालं. चिलेत पाव चांगला मिळतो, आतेभावाचं लग्न, वगैरे. शेवटी शेवटी तिने विचारलं, तिथे कोणी आहे का. मी म्हटलं, कोणी नाही, संध्याकाळी सातला तीन आवाज असतात.

"मग त्यातला एक?"

"आवाजासाठी कोणी नोकरी नाकारत नाही, आई."

ती हसली. का ते विचारलं नाही.

फोन बंद झाल्यावर फायली उचलल्या, तर रेडिओचा मायक्रोफोन त्यांच्याखाली दबला होता. खुंटीला लावला. हजेरी चार मिनिटं उशिरा सुरू झाली. तिघेही फार थोडक्यात बोलले. लोमा आल्ताने ढगाचा रंग सांगितला नाही.

मंगळवार, १५ ऑगस्ट

ओर्तेन्सियाबाई दुधाच्या ट्रकमधून आल्या. त्या रुमिपाम्बाच्या पहारेकरी, कांद्याची शेती, वय त्रेसष्ट. चार वर्षांत दोनदा इथे आल्या असतील. आज बटाट्यांचं पोतं, चीज आणि इथे सणाला करतात तसा भाजलेला गिनीपिग घेऊन आल्या. एवढं मी कशी संपवणार असं म्हटलं, तर म्हणाल्या, "नवऱ्याशिवाय बाईचं छान चालतं, मला विचारा. पण गिनीपिग एकटीनं खायचा नसतो. उतारावर माणसं काय कमी आहेत?" मग भिंतींकडे बघून म्हणाल्या, याला पुढच्या वर्षी रंग काढू, निळा. उठताना हातातली पिशवी टेबलावर ठेवून मला मिठी मारली. त्याचंही कारण कळलं नाही.

संध्याकाळी: रुमिपाम्बा, १९:०३, दुपारी चारच्या सुमारास गुरगुर ऐकू आली, दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखी. कंपनं मोजणाऱ्या उपकरणावर काही नाही. त्या वेळी ओर्तेन्सियाबाई स्वतः ट्रकमध्ये होत्या.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

चार दिवसांत सात गुरगुरी. पाच रुमिपाम्बाहून, दोन पुलावरून. पुलावर मेल्चोर असतात, वय एक्याऐंशी, सगळे त्यांना ताइता म्हणजे वडील म्हणतात. पुलाशेजारी त्यांचं उसाच्या रसाचं दुकान आहे. "म्हातारीनं कूस बदलली, इंजिनिअरबाई. लक्ष असू द्या. आत्ता तिला एकटं सोडून चालायचं नाही."

लोमा आल्ता दोन्हींपेक्षा मुखाच्या जवळ आहे. तिथून एलिसेओ रोज सांगतो, काही नवीन नाही.

नोंदी पुन्हा तपासल्या. पाच उपकरणं, सगळ्यांच्या रेघा सपाट. विनिसिओंना फोन केला. ते आमचे प्रमुख, राजधानीत, किटोला बसतात. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेलाच नियम पुन्हा सांगितला. वहीत दोन रकाने आहेत, "ऐकलं" आणि "नोंदलं". पहारेकऱ्याने ऐकलं म्हटलं की पहिल्या रकान्यात लिहायचं. उपकरणाने पकडलं नसेल तर दुसऱ्यात शून्य. पहिला रकाना खोडायचा नाही. मागच्या उद्रेकाच्या आधी आठ दिवस दुसऱ्या रकान्यात शून्यच होतं.

लोमा आल्ताच्या वरच्या उपकरणाची बॅटरी जुनी आहे. बुधवारी जाऊन बदलायचं ठरवलं.

सोमवार, २१ ऑगस्ट

नगरपालिकेतून फोन. रुमिपाम्बाच्या शाळेने आज मुलांना घरी पाठवलं, काय करायचं ते विचारत होते. मी म्हटलं, उपकरणांवर काही नाही. ते म्हणाले, पण रेडिओवर सगळे ऐकतायत. ओर्तेन्सियाबाईंच्या पुतणीने काल दोन गायी बाजारात जाऊन मिळेल त्या भावाला विकल्या, पुन्हा राख पडली तर चारा कुठून आणायचा म्हणून. संध्याकाळी ओर्तेन्सियाबाईंचा आवाज खोल गेलेला होता. तरी एक गुरगुर सांगितलीच.

बुधवार, २३ ऑगस्ट

लोमा आल्ता. पुलापासून चालत तीन तास.

एलिसेओ खेचर घेऊन पुलावर थांबला होता. बॅटरी एकोणीस किलोची आहे आणि खेचराचं नाव टाय, कारण त्याच्या छातीवर पांढरा पट्टा आहे. एलिसेओ चौतीस वर्षांचा, झाडटोमॅटोची बाग. पहारेकरी आधी त्याचे वडील होते, ते वारल्यावर रेडिओ त्याच्याकडे आला. मी त्याला चार वर्षांत सहा वेळा पाहिलं आहे. आवाजावरून तो उंच वाटतो, तेवढा नाही.

बॅटरी बदलून चाचणी घेतली. उपकरणापासून तीन मीटरवर माणसाने उडी मारायची आणि पडद्यावर रेघ उसळते का ते बघायचं. एलिसेओने उडी मारली. रेघ उसळली.

"एका माणसानं उडी मारली तरी कळतं याला?"

मी म्हटलं, तीन मीटरवर असेल तर.

"आणि लांब असेल तर?"

"नाही कळत."

तो खेचराची दोरी बांधत राहिला. मी विचारलं, पुलावर आणि रुमिपाम्बाला ऐकू येतं ते इथे का येत नाही. त्याने गाठ घट्ट आवळली. मग म्हणाला, "मागच्या रविवारी नाही, त्याच्या आधीच्या. तुमच्या मायक्रोफोनचं बटण दाबलेलं राहिलं होतं. बावीस मिनिटं."

 फायली, स्पीकर, पंचवीस घरं. उलगडायला वेळ लागला नाही.

तो म्हणाला, खोटं सांगायचं असं कोणी बसून ठरवलं नाही. ओर्तेन्सियाबाईंनी सुरुवात केली, ताइता मेल्चोरनी साथ दिली. म्हातारी जागी होतेय म्हटल्यावर केंद्र बंद होणार नाही, तुमचा करार पक्का होईल, तुम्ही जाणार नाही, असा त्यांचा हिशोब. "मी पाच मिनिटांनी रेडिओ बंद केला. पण ती पाच मिनिटं ऐकली. ते तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, दहा दिवस उशीर झाला."

पहिल्या पाच मिनिटांत पगार, अंतर आणि रविवारचे फोन झाले होते. आवाजांचं बोलणं शेवटी होतं. म्हणजे ते त्याने ऐकलेलं नाही. हे बरंच झालं.

मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितली एखादी गुरगुर.

"बाबांनी रेडिओ हातात देताना एकच सांगितलं होतं. ऐकलं नाही ते ऐकलं म्हणायचं नाही. बाकी बोलायला मला फारसं येतही नाही."

उतरताना तो म्हणाला, वाळवंटात थंडी असेल. मी सांगितलं, छावणी २,९०० मीटरवर आहे, लोमा आल्तापेक्षा खाली. तो म्हणाला, मग ठीक आहे.

गुरुवार, २४ ऑगस्ट

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं होतं. हजेरीच्या सुरुवातीला वाचून दाखवलं. नऊ दिवसांत तेरा गुरगुरी झाल्या. तुम्ही ऐकल्या म्हणालात म्हणून मी लिहिल्या आणि पुढेही लिहीन. पण शाळा बंद झाली आणि गायी विकल्या गेल्या. ज्या दिवशी ती खरंच बोलेल त्या दिवशी तुमचा आवाज ऐकून मला क्षणभरही शंका येता कामा नये. मी इथे असेन किंवा दुसरं कोणी असेल, त्यालाही येता कामा नये.

कागदावर एवढंच होतं. 

"पूल," ताइता मेल्चोर म्हणाले. "कान म्हातारे झालेत, इंजिनिअरबाई. माझ्या चारही खोडा."

मी म्हटलं, खोडता येत नाही, शेजारी दुरुस्ती लिहिते.

"रुमिपाम्बा. माझ्या नऊ. गायींचं मी पुतणीशी बघते. माझी वासरं तिचीच." मग थांबून, "एक सांगू का पोरी, चार वर्षांत तू आम्हाला एकदाही विचारलं नाहीस की जाऊ का म्हणून. विचारलं असतंस तर आम्ही जा म्हटलं असतं. न विचारता जाणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं?"

मी पुढची जागा पुकारली.

"लोमा आल्ता. काही नवीन नाही."

सोमवार, २८ ऑगस्ट

विनिसिओ आले. सगळं सांगितलं. मायक्रोफोनचं ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर झाले. पुढच्या वर्षी केंद्रावर माणूस राहणार नाही, फक्त उपकरणं. ते ठरलेलंच आहे. रेडिओ राजधानीला जोडतील आणि हजेरी तिथला पाळीवरचा माणूस घेईल. मला राजधानीत टेबल मिळेल, कदाचित.

"राहिलीस तर माझी सोय होईल. गेलीस तर तुझी होईल. मी प्रमुख आहे म्हणून राहा म्हणतो, पण तू ऐकू नकोस."

मग तक्त्यातल्या "इथे" या रकान्याचा अर्थ काय, ते विचारायचं राहून गेलं.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

तक्ता नव्याने केला. "इथे" खोडून "राजधानी" लिहिलं. चिले ६.८, राजधानी ५.४.

आठव्या ओळीला वजन देऊन पाहिलं. ०.१० दिलं तर चिले पुढे. ०.२५ दिलं तर बरोबरी. त्यापुढे उलट. पण जिला नाव नाही, जिचं माप नाही आणि जी राजधानीतल्या टेबलावर बसूनही भरणार नाही, अशा ओळीला पाव वजन देणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित करणं. ओळ काढून टाकली.

शुक्रवार, १ सप्टेंबर

होकार कळवला. ११:२०.

संध्याकाळी हजेरीत स्वतः सांगितलं, २५ तारखेला निघतेय. ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, बटाटे कुठे पाठवायचे त्याचा पत्ता दे. ताइता मेल्चोरनी आशीर्वाद दिला, तो लांबला. लोमा आल्ता, १९:०८, दोन मिनिटं उशीर, काही नवीन नाही. ढग राखाडी.

सोमवार, ११ सप्टेंबर

सामान दोन पेट्या. चार वर्षांत एवढंच.

रविवार, २४ सप्टेंबर

शेवटची हजेरी. उद्यापासून राजधानीतून.

दुपारी आईचा फोन आला. आज स्पीकर लावला नाही. मायक्रोफोन खुंटीवर आहे ना ते दोनदा पाहिलं.

पूल, १९:०१, काही नवीन नाही. रुमिपाम्बा, १९:०३, काही नवीन नाही, वासराचं नाव इंजिनिअर ठेवलं आहे, कारण ते कोणाला जवळ येऊ देत नाही आणि वेळेवर दूध पितं.

लोमा आल्ता, १९:०६.

"गुरगुर. एक. लहान."

मी पडद्याकडे पाहिलं. वरचं उपकरण तर त्याच्या बागेपासून चारशे मीटरवर आहे. पूर्ण एक मिनिट थांबले. रेघ सपाट. नेहमीचे प्रश्न विचारले. दिशा? सांगता येत नाही म्हणाला. मुखाकडून? नाही. किती लांबून?

"जवळून."

वहीत लिहिलं. ऐकलं: लोमा आल्ता, १९:०६, एक, लहान. नोंदलं: ०.

दुरुस्ती आहे का विचारलं. तो म्हणाला, नाही.

एलिसेओ ऐकलं नाही ते ऐकलं म्हणत नाही. बॅटरी २३ ऑगस्टला बदललेली आहे, चाचणी बरोबर आली होती. दोन्ही खरं कसं असेल ते मला समजत नाही. वही विनिसिओंसाठी टेबलावर ठेवली आणि दिवा घालवला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर, चिले

कालपासून पाळी सुरू. खोली स्वच्छ, गरम पाणी चोवीस तास, जेवण चांगलं. रडार खरोखर उत्तम आहे, दीड किलोमीटरवरून अर्धा मिलिमीटर दाखवतं. शिकायला भरपूर आहे. तक्ता बरोबर होता.

इथलं घड्याळ आमच्याकडच्यापेक्षा दोन तास पुढे आहे. मनगटावरचं मी अजून बदललेलं नाही. नऊ वाजता जेवणघरात असते, त्या वेळी टीव्ही चालू असतो. आज बरोबरच्या तंत्रज्ञाने, याझ्नाने, विचारलं, तू जेवताना सहा-सात मिनिटं चमचा का खाली ठेवतेस. मला माहीत नव्हतं की ठेवते.

बुधवार, ११ ऑक्टोबर

पूर्वेचा कडा तासाला तीन मिलिमीटर. १४:१० ला कळवलं. ट्रक १४:५० ला थांबले. काही झालं नाही, कडा तसाच राहिला. पाळीप्रमुख सौजन्याने म्हणाला, बघ, काही घाई नव्हती.

पाळीच्या नोंदपत्रकात डाव्या बाजूला पट्टीने एक रकाना आखला आणि वर "ऐकलं" असं लिहिलं. याझ्ना म्हणाली, इथे ऐकणार कोण, सगळे ट्रकच. रकाना कोरा आहे.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

पाळीचा शेवटचा दिवस. विनिसिओंचं पत्र आलं. हजेरी व्यवस्थित चालू आहे, ओर्तेन्सियाबाई पाळीवरच्या पोराला लग्नाबद्दल विचारून हैराण करतात. मग एक प्रश्न. लोमा आल्ताच्या नोंदींत काहीतरी विचित्र आहे. आठवडाभर काही नवीन नाही, पण १, ८ आणि १५ ऑक्टोबरला प्रत्येकी एक गुरगुर. लहान, जवळून. तिन्ही वेळा १९:०६. तिन्ही वेळा उपकरणावर शून्य. तुझ्या शेवटच्या दिवशीही अशीच एक दिसते. वरचं उपकरण बिघडलं आहे का, माणूस पाठवू का.

दिनदर्शिका काढली. १, ८, १५. आणि २४ सप्टेंबर. चारही रविवार.

एलिसेओने ऐकलेल्या त्या पहिल्या पाच मिनिटांत बाबांच्या रविवारच्या फोनचं बोलणं होतं.

 मग विनिसिओंना उत्तर लिहिलं, उपकरण ठीक आहे, माणूस पाठवू नका. तो सांगतो तसं लिहीत जा.

उद्यापासून सात दिवस सुटी. इथून सांतियागो, तिथून किटो, मग बस, मग दुधाचा ट्रक, मग पुलापासून तीन तास चालत. जायला पावणेदोन दिवस, यायला तेवढेच. विमानाचं पाहिलं. उद्या सकाळी ६:४० च्या विमानात जागा आहे. पाळीचा विचार करताना सात दिवसांच्या सुटीला मी दहापैकी चार गुण दिले होते. ते कमी होते. सलग सात दिवस कुठूनही मोजले तरी त्यांत एक रविवार येतोच.